मदत हवी आहे: जुन्या जीपला मागचा ॲक्सल, चाक बसेल का? (अर्जंट)

गंगापूर_रोड
मागचा ॲक्सल गेलाय. मालेगावला भंगारात एक मिळतोय. पाच बोल्टचाच आहे, पण टेप लावला तर १३३ मिमी भरतं. जीपचं पीसीडी (बोल्टांच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) १३९.७ असतं म्हणे. भोकं जरा ओव्हल करून चाक बसेल का? दुकानदार संध्याकाळपर्यंतच थांबणार.

सातपूरकर
कुठली जीप? कोणतं साल? ॲक्सल कशाचा? आणि भोकं ओव्हल करायचं डोक्यातून काढा. स्टड (चाक धरणारे बोल्ट) तुटले की चाक तुमच्या पुढे धावेल.

गंगापूर_रोड
सीजे ३बी, ७४ची. ॲक्सल महिंद्राचाच आहे म्हणतो. चाकाचं सांगा ना.

घाटवाला
कशाला भंगार शोधता? बोलेरोचा अख्खा टाका. मी टाकलाय, हायवेला ऐंशीवर इंजिन बोंबलत नाही आता.

जुनी_जीप
टेप कुठून कुठे लावला? एक भोक सोडून पुढच्या भोकापर्यंत लावला असेल तर १३९.७ च्या चाकावर १३३ च येणार. पाच भोकांत समोरासमोर भोक नसतंच. शेजारच्या दोन भोकांचं मध्य ते मध्य मोजा आणि १.७ ने गुणा. गुणण्याआधीचं अंतर ८२ मिमी असलं तर पीसीडी जुळलं. चाकाचं मधलं मोठं भोक हबवर (ॲक्सलच्या टोकाला, चाक जिथे बसतं तिथे) बसतं का तेही बघा.
घाटवाले, ३बीचा डिफरन्शियल (ॲक्सलवरचा गिअरचा गोळा) मधोमध नसतो, उजवीकडे सरकलेला असतो. तुमचा प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे जाणारा दांडा) तिरका फिरत असणार.

घाटवाला
दोन पावसाळे झाले, शाफ्टचा क्रॉस (सांधा) अजून शाबूत आहे. पुस्तकी लोकांचं काय!

सातपूरकर
चाकापेक्षा रेशो बघा, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या. ३बीला ५.३८, म्हणजे ॲक्सलमधल्या मोठ्या गिअरला (क्राऊन) ४३ दात, छोट्याला (पिनियन) ८. मागे ४.८८ (३९/८) आला आणि पुढे ५.३८ राहिला, तर फोर व्हील लावून डांबरी रस्त्यावर गाडी स्वतःशीच भांडेल.

घाटवाला
नाशकात फोर व्हील लावतो कोण?

पंचवटी_डिझेल
ग्रीन टॅक्स भरलाय का? पासिंग बाकी असेल तर पेठ रोडला आरटीओत आधी जाऊन या.

गंगापूर_रोड
टॅक्स कुणी विचारलाय? शेजारचं ८२ आलं. आता दुकानदार म्हणतो, हाउसिंग (ॲक्सलचं कवच) उघडू देणार नाही, मग दात कसे मोजू?

जुनी_जीप
उघडायची गरज नाही. दोन्ही हब एकाच दिशेने बरोबर एक फेरी फिरवा. पिनियनच्या फ्लँजवर (शाफ्ट जोडतात ती बाहेरची चकती) खडूची खूण करून फेऱ्या मोजा. पाच पूर्ण आणि वर तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त आली तर ५.३८. पाचला थोडीशी कमी पडली तर ४.८८, सोडून द्या.
जुन्या जीपला डाव्या बाजूचे स्टड उलट्या आट्यांचेही असतात. तिकडचे नट नेहमीच्या दिशेने जोर लावून पिळू नका.

गंगापूर_रोड
पोराला खडू देऊन पाठवलंय. फोनची वाट बघतोय.