जॅक रसेल टेरिअर : पळता पळता मागचा पाय उचलतो. आखाड्यावर (शेतातल्या गोठ्यावर) न्यावा का?

राम राम मंडळी,

आम्ही वसमतकडचे. पुण्यातला भाचा परदेशी गेला आणि त्याचं जॅक रसेल जातीचं कुत्रं आमच्या गळ्यात पडलं. नर, वय दोन वर्षं, अंग पांढरं, कानांवर तपकिरी, वजन सहा किलोच्या आसपास. नाव बंड्या, आणि ते शोभतं. गावातली माणसं पामेरियन समजून कुरवाळायला येतात अन् पहिल्याच भुंकण्याला मागं सरकतात.

घरच्यांवर जीव टाकतो, पण मांजर दिसलं की मालक कोण हे विसरतो. अंगण उकरून ठेवलंय. कडब्याच्या गंजीतले उंदीर मात्र संपवले, म्हणून आई अजून गप्प आहे.

खरी अडचण पायाची. पळता पळता मागचा उजवा पाय वर धरतो, तीन-चार पावलं लंगडी घालतो, पाय झटकतो आणि पुन्हा सुसाट. दाबून पाहिलं तर ओरडत नाही. सालगडी म्हणतो काटा असेल, पण पंजा नीट पाहिला, काटा नाही. इथले डॉक्टर गाई-बैलांचे. त्यांनी स्वतःच सांगितलं की परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. तिथं काय विचारावं?

दुसरं, वडिलांचं म्हणणं की कुत्रं आखाड्यावरच पाहिजे, घरात कशाला. मला भीती सापाची आणि शेजारच्या शेतात टाकतात त्या उंदराच्या औषधाची. जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद १

तुम्ही वर्णन केलंय ते गुडघ्याची वाटी जागेवरून सरकण्याचं नेहमीचं लक्षण आहे. लहान जातींत हे खूप दिसतं. वाटी सरकली की पाय वर, झटकल्यावर जागेवर बसली की पळापळ सुरू. चालताना मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या, कारण डॉक्टरांसमोर हे पठ्ठे नेमके सरळ चालतात. वाटी हातानं तपासूनच कळते. तिची पायरी १ ते ४ यांतली कोणती ते विचारा, ऑपरेशन लागेल की नाही ते त्यावर बरंचसं ठरतं. एक्स-रेत खुबाही पाहायला सांगा. टेरिअरमध्ये मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा आजार असतो, पण तो बहुधा वर्षाच्या आत सुरू होतो आणि लंगडणं सतत राहतं, मांडी बारीक होत जाते. तुमचं तसं वाटत नाही.

तोवर वजन वाढू देऊ नका. दूध-भाकरीचा मारा आवरा. कट्ट्यावरून उड्या बंद.

एक जास्तीचं सांगतो, कारण हे माहीत नसलं तर डोळा जातो. या जातीत डोळ्यातलं भिंग सुटण्याचा आनुवंशिक आजार आहे, साधारण तीन ते आठ वर्षांच्या वयात दिसतो. डोळा एकदम लाल, गढूळ झाला किंवा मिटून धरला, तर सकाळची वाट न पाहता निघायचं.

प्रतिसाद २

भाऊ, मी लातूरकडचा, माझ्याकडे याच जातीची मादी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या डेव्हन परगण्यात जॉन रसेल नावाच्या पाद्र्यानं ही कुत्री पाळली ती बिळातल्या कोल्ह्याला बाहेर काढायला. तेव्हा बिळात तोंड घालणं हा त्याचा धर्म, आणि आपल्याकडच्या बिळात घोणस असते. आखाड्यावर न्या, पण लांब दोरीला बांधून, तुमच्या नजरेसमोर. रात्री तिथं ठेवू नका.

औषधाचं जास्त भ्या. रक्त पातळ करणाऱ्या औषधानं मेलेला उंदीर खाल्ला तरी बाधा होऊ शकते, आणि लक्षणं दोन-चार दिवसांनी दिसतात, तोवर आपण विसरलेलो असतो. शंका आली की औषधाचा पुडा घेऊनच डॉक्टरकडे पळा. त्यावर उतारा आहे, तो व्हिटॅमिन के-१. झिंक फॉस्फाईड या दुसऱ्या उंदराच्या औषधाला मात्र उतारा नाही, आणि ते लगेच चढतं. शेजाऱ्याला आधीच बोलून ठेवा. उंदीर मारतो म्हणजे लेप्टोची (उंदराच्या मुतातून पसरणाऱ्या आजाराची) लसही दरवर्षी हवी.

गोचिडासाठी जनावरांचं औषध अंदाजानं ओतू नका, वजनावर गोळी मिळते. ताप, पांढरट हिरड्या, गडद लघवी दिसली तर रक्त तपासा. एप्रिल-मे महिन्यांत फिरवणं सूर्य उगवायच्या आत.

धागाकर्ता

दोघांचे आभार. व्हिडिओ काढलाय, सोमवारी परभणी. शेजारी औषध पिंजऱ्यात ठेवायला तयार झाला. एकच शंका राहिली, नसबंदी केली तर मांजरामागं धावणं थांबेल का?

प्रतिसाद २

नाही. गावभर भटकणं आणि भिंतीवर पाय वर करणं कमी होईल. मांजर, खार, घूस यांचं वेड तसंच राहणार. त्यापेक्षा अंगणाच्या कोपऱ्यात वाळूचा ढीग टाका, त्यात खाऊ पुरा आणि उकरायला तिथंच सोडा. आमची त्यातच अर्धा तास गुंतते. कुंपणाची जाळी मात्र वीतभर जमिनीत गाडा.

प्रतिसाद १

नसबंदी करायचीच असेल तर गुडघ्याच्या ऑपरेशनची गरज निघते का ते आधी पाहा. एकाच भुलीत दोन्ही जमतंय का विचारा.