तिघऱ्याच्या धरणात बोट दारांजवळ का नेत नाहीत?

लष्करकर: दिवाळीत पाहुणे येतायत, ग्वाल्हेरजवळच्या तिघरा धरणावर बोटीत फिरायला न्यायचंय. बोटवाले धरणाच्या पाणी सोडायच्या दारांपासून लांबच का राहतात?

जलरेषा: दार थोडं वर उचललं की पाणी खालच्या फटीतून ओढलं जातं. वरून तलाव शांत दिसतो, बोट मात्र सरकत राहते. इंजिन बंद पडलं तर वल्ह्यांच्या भरवशावर राहू नका. लाईफ जॅकेट घातल्यावर खांद्याला धरून वर ओढून बघा; हनुवटीपर्यंत आलं तर माप मोठं. लहानग्यांना पायांमधला पट्टा हवाच, तो बहुधा तुटलेला असतो!

सांककाठ: विषय निघालाच आहे तर, १९१७ साली हेच धरण फुटलं ते दारांमुळे नाही, पाया कच्चा म्हणून. वालुकाश्मात पाणी मुरलं, खालून दाब वाढला, भिंत सरकली.

लष्करकर: मग जॅकेटं घरचीच नेतो.