पॅक-१२ कॉन्फरन्स मोडली कशी?

कोथरूडकर:
माझी भाची अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमनला वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत शिकते. 'आमची कॉन्फरन्स (म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) गेली' म्हणून तिथले लोक अजून हळहळतात म्हणे. बारापैकी दहा विद्यापीठं वर्ष-सव्वा वर्षात निघून गेली, हे खरं? टीव्हीच्या पैशासाठी शंभर वर्षांची सोबत अशी सुटते? कुणी नीट सांगेल का?

स्पोकेनहून:
खरं आहे. मी पुलमनलाच शिकलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९८४ पर्यंत कॉलेज फुटबॉलचे (अमेरिकन, आपला नव्हे) कोणते सामने टीव्हीवर दाखवायचे हे एनसीएए (कॉलेज खेळांची मुख्य संघटना) ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठं कोर्टात गेली, सुप्रीम कोर्टात जिंकली, आणि प्रक्षेपण विकायला विद्यापीठं मोकळी झाली. एकेकट्याने विकण्यापेक्षा कॉन्फरन्सने एकगठ्ठा विकलं तर भाव चांगला येतो. त्यासाठी प्रत्येक सभासद ठरावीक मुदतीपर्यंत आपले हक्क कॉन्फरन्सच्या नावे लिहून देतो. गोम इथेच आहे. पॅक-१२ ची मुदत २०२४ च्या उन्हाळ्यात संपत होती. त्यानंतर कुणालाच काही अडवत नव्हतं.

३० जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जायचं जाहीर केलं. लॉस एंजेलिसचा प्रेक्षकच गेला, मग आमच्या हक्कांना भाव कसला? बिग टेनने त्याच ऑगस्टमध्ये फॉक्स, सीबीएस, एनबीसीशी सात वर्षांचा करार केला, सात अब्ज डॉलरच्या घरातला. बिग १२ या आणखी एका कॉन्फरन्सनेही लगोलग आपल्या टीव्ही कराराला मुदतवाढ पदरात पाडून घेतली, दर विद्यापीठामागे वर्षाला साधारण ३ कोटी १७ लाख डॉलर. आमचे लोक मोठ्या भावाची वाट बघत बसले. वर्षभराने हाती आला तो ॲपलच्या स्ट्रीमिंगचा प्रस्ताव: हमी कमी, वर्गणीदार वाढले तरच जास्त पैसे. तोवर कोलोरॅडो बिग १२ कडे गेलं होतं. ४ ऑगस्ट २०२३ ला एका दिवसात पाच गेले. ओरेगन आणि वॉशिंग्टन (सिॲटलचं विद्यापीठ, आमचं नव्हे) बिग टेनमध्ये. ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि यूटा बिग १२ मध्ये. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ) एसीसीत, म्हणजे चक्क अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये. उरलो आम्ही आणि ओरेगन स्टेट. आमचं गाव लहान, टीव्हीवाल्यांच्या हिशोबात बसत नाही. खेळात आम्ही कमी पडलो म्हणून हे झालं असतं तर मला इतकं लागलं नसतं.

नेटजवळ:
मला त्याहून जास्त वाईट वाटतं ते बाकीच्या खेळांतल्या मुलामुलींचं. फुटबॉलचा संघ सहसा आठवड्याला एकदाच खेळतो. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉलवाल्यांचे सामने कितीतरी जास्त. स्टॅनफर्डच्या मुलींनी व्हॉलीबॉलची राष्ट्रीय विजेतेपदं नऊ वेळा मिळवली आहेत, आणि आता कॉन्फरन्सच्या सामन्यांसाठी त्या बॉस्टनपर्यंत जाणार. तीन तासांचा घड्याळाचा फरक, परत येऊन लेक्चर, परीक्षा. करार फुटबॉलसाठी झाले, फरफट यांची.

कोथरूडकर:
आभारी आहे दोघांचाही. मग उरलेल्या दोघांचं काय झालं?

स्पोकेनहून:
लढले! जाणाऱ्या दहांनी कॉन्फरन्सच्या तिजोरीवर मत देऊ नये म्हणून दोघं कोर्टात गेले. पुलमनजवळच्या कोलफॅक्सच्या कोर्टाने नोव्हेंबर २०२३ मध्ये कारभार या दोघांच्या हाती दिला, आणि राज्याच्या सुप्रीम कोर्टानेही त्यात हात घातला नाही. २०२४ आणि २०२५ चे फुटबॉल हंगाम दोघांच्याच कॉन्फरन्सने काढले. २०२६ पासून बॉइझी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, यूटा स्टेट आणि टेक्सास स्टेट आहेत. आमच्या स्पोकेनचं गोन्झागाही येतंय, त्यांचा फुटबॉल संघ नसला तरी बास्केटबॉल जबरदस्त.

सोडून गेलेल्या वॉशिंग्टनशी ॲपल कप, म्हणजे दरवर्षीचा फुटबॉल सामना, मात्र चालूच आहे, २०२८ पर्यंत ठरलेला. २०२४ मध्ये सिॲटलमध्ये आम्ही तो २४-१९ ने जिंकला. भाचीला म्हणावं, पुलमनमध्ये सामना असेल तेव्हा तिकीट आधीच काढून ठेव.