सल्ला हवा: आईच्या गुडघ्यांसाठी हेम्पच्या गमीज कुठल्या घ्याव्यात? भारतात नेता येतील का?

सातारकर_डॅलस
नमस्कार मंडळी. आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी इकडे डॅलसला आलीय. गुडघ्यांनी बेजार आहे. ऑफिसातल्या एकाने सुचवलं म्हणून पेट्रोल पंपाशेजारच्या व्हेप शॉपमधून गमीज (चघळायच्या गोड गोळ्या) आणल्या. डबीवर मोठ्या अक्षरांत 'हेम्प, कायदेशीर', खाली बारीक अक्षरांत 'डेल्टा-९, प्रति गमी १० मिग्रॅ'.

परवा रात्री अर्धी दिली. पाऊण तासात काही फरक नाही म्हणून उरलेली अर्धीही दिली. तासाभराने आई म्हणे, "अरे, पंखा खाली येतोय." पंखा बंद होता! पहाटेपर्यंत तिचा हात धरून बसलो. सकाळी ठीक होती, फक्त माझ्याशी बोलत नव्हती.

हेम्पमध्ये नशा नसते ना? मग हे काय झालं? दुसरी चांगली कुठली? आणि मार्चमध्ये परत जाताना तिच्यासोबत दोन डब्या देऊ का?

मिनियापोलिसची_मावशी
अरे बाबा! आधी आईंची माफी माग.

हेम्प आणि गांजा हे झाड एकच. अमेरिकेच्या २०१८च्या फार्म बिलाने (शेतीच्या कायद्याने) रेघ मारली: कोरड्या वजनाच्या ०.३ टक्क्यांपर्यंत डेल्टा-९ टीएचसी (नशा आणणारा घटक) असेल तर हेम्प, वर गेलं की गांजा. शेतातल्या पिकासाठी हे माप ठीक होतं. तेच गमीला लावून बघ. चार ग्रॅमच्या गमीचे ०.३ टक्के म्हणजे १२ मिग्रॅ. तुझे १० त्यात आरामात बसले. कायदा मोडला नाही आणि आईंना पंखा खाली येताना दिसला.

आमच्या मिनेसोटाने जुलै २०२२ पासून टक्क्यांसोबत मिलिग्रॅमही मोजायला घेतले: एका सर्व्हिंगला ५, पाकिटात ५०, वय २१. म्हणजे आईंनी आमच्याकडच्या मर्यादेच्या दुप्पट घेतलं, तेही पहिल्याच दिवशी. खाल्लेलं टीएचसी चढायला एक-दोन तास लागतात, त्यामुळे "काहीच झालं नाही" म्हणून पुन्हा देणं हीच नेहमीची चूक.

बे_एरियातला_बंड्या
मावशींना +१. प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४मध्ये हेम्पच्या खाण्यापिण्याच्या वस्तूंत टीएचसी नुसतं सापडलं तरी बंदी घातली. गांजाच्या लायसन्सवाल्या दुकानात मात्र तीच चीज खुशाल मिळते. तुमच्या टेक्ससात विधिमंडळाने २०२५मध्ये बंदी मंजूर केली, गव्हर्नर ॲबट यांनी जूनमध्ये ती नाकारली आणि सप्टेंबरमध्ये आदेश काढून २१ वर्षांची अट आणली.

नोव्हेंबर २०२५मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारनेच हेम्पची व्याख्या बदलली. १२ नोव्हेंबर २०२६पासून अख्ख्या डबीत मिळून फक्त ०.४ मिग्रॅ टीएचसी चालेल. तुमची डबी ३० गमींची असेल तर त्यात ३०० मिग्रॅ आहे! सीबीडीवर (हेम्पमधला नशा न आणणारा घटक) ॲसिडची प्रक्रिया करून बनवलेलं डेल्टा-८ (टीएचसीचाच दुसरा प्रकार) हेही हेम्पच्या व्याख्येतून बाहेर.

तुम्ही एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) असाल तर एक सांगतो. लेबल खोटं निघालं आणि प्रमाण ०.३च्या वर गेलं, तर केंद्राच्या लेखी तो गांजाच. आपल्यासारख्यांनी त्या भानगडीत कशाला पडा?

गोळीवाली_ताई
मी न्यू जर्सीत फार्मसिस्ट आहे. ब्रँडचं नाव सांगणार नाही, कारण एफडीएने (इथल्या अन्न-औषध प्रशासनाने) सीबीडीला आहारपूरक म्हणून मान्यताच दिलेली नाही. मान्यता आहे ती सीबीडीच्याच एपिडायोलेक्स या औषधाला, २०१८पासून, तेही अपस्माराच्या ठरावीक प्रकारांसाठी. गुडघ्यांसाठी नाही.

आई रक्त पातळ करणारी गोळी घेतात का? सीबीडीमुळे वॉर्फरिनचा परिणाम वाढतो, रक्तस्राव होऊ शकतो. हे आधी सांगा, बाकी नंतर.

डबीवरचा क्यूआर कोड स्कॅन करा. लॅबचा रिपोर्ट उघडला पाहिजे आणि त्यातला बॅच नंबर डबीवरच्या नंबराशी जुळला पाहिजे.

कोथरूडचा_वकील
भारतात न्यायच्या गोष्टीवर: अजिबात नाही. तिथलं 'हेम्प' हे लेबल इथे कस्टम्सला दाखवून उपयोग नाही. एनडीपीएस (अमली पदार्थांचा) कायदा १९८५चा. त्यात ०.३ टक्क्यांची सवलत नाही. फुलोऱ्याचे शेंडे सोबत नसतील तर बिया आणि पानं गांजाच्या व्याख्येबाहेर आहेत, म्हणून भांग राज्यांच्या हाती राहिली (महाराष्ट्रात तिलाही परवाना लागतो, होळीला कोणी विचारत नाही ते सोडा). गमीतला टीएचसीचा अर्क या सवलतीत बसत नाही. विमान दुबईमार्गे असेल तर तिथे सीबीडीचं तेलही अंगाशी येतं.

भांगेच्या बिया आणि बियांचं तेल यांना एफएसएसएआयने (भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) २०२१मध्ये अन्न म्हणून मान्यता दिली. पण त्यात ना नशा, ना दुखण्यावर उतारा. आयुर्वेदात 'विजया' (हेच झाड) आहे, तीही वैद्याच्या देखरेखीखाली. आणि कृपया हेम्पला ताग म्हणू नका, ताग वेगळं झाड आहे.

सातारकर_डॅलस
सगळ्यांचे आभार. ताई, आई वॉर्फरिनवर आहे. हात-पाय गळाले वाचून. तिच्या डॉक्टरांना फोन केला, उद्या आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती चाचणी) तपासायला बोलावलंय. क्यूआर कोड उघडला, रिपोर्ट २०२३चा आणि बॅच भलतीच. दुकानदार परत घेत नाही. उरलेल्या २९ गमीज कुठे टाकू? घरात पाच वर्षांचा मुलगा आहे.

गोळीवाली_ताई
कॉफीच्या चोथ्यात कालवा, पिशवीची गाठ मारा आणि कचरा उचलायच्या दिवशीच बाहेर ठेवा. तोवर वरच्या कपाटात, कुलपात. पोराला ती चॉकलेटच वाटणार.

मिनियापोलिसची_मावशी
आई बोलायला लागल्या का?

सातारकर_डॅलस
लागल्या. विचारतायत, किती डॉलरला पडली.