सांध्याची बायॉप्सी: रिपोर्टच्या पलीकडे

सांध्याच्या बायॉप्सीच्या रिपोर्टवर नुसतं 'क्रॉनिक सायनोव्हायटिस' (सांध्याच्या अस्तराचा दीर्घकाळचा दाह) लिहून आलं, मग तपासणीसाठी तुकडा काढून काय मिळवलं, असा प्रश्न पडतो. मिळतं, बरंच मिळतं. निरोगी सांध्याचं अस्तर जेमतेम 1 ते 3 पेशींच्या थराचं असतं. दाह झाला की ते जाड होतं, खाली लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशी या दाहपेशी गर्दी करतात. हा दाह किती आहे ते मोजणाऱ्या क्रेन स्कोअरमध्ये अस्तराची जाडी, खालच्या थरातली पेशींची दाटी आणि दाहपेशी यांना प्रत्येकी 0 ते 3 गुण देतात. बेरीज 5 किंवा जास्त आली की संशय आमवातासारख्या आजारांकडे वळतो. आजाराचं नाव मात्र एवढ्यावरून ठरत नाही.

गाउटची (सांध्यात युरेटचे स्फटिक साचण्याच्या आजाराची) शंका असेल तर ती तुकडा काढण्याआधीच सांगा, अगदी कळकळीने सांगते. हे स्फटिक तुकडा टिकवायच्या, पाणी असलेल्या फॉर्मॅलिनमध्ये विरघळून जातात. तुकडा अल्कोहोलमध्ये गेला तर सूक्ष्मदर्शकाखाली पोलराइज्ड प्रकाशात त्या स्फटिकांच्या सुया लखलखताना दिसतात.

हाडाच्या तुकड्यातूनही असंच बरंच कळतं. पॅजेटच्या आजारात (यात हाड बेशिस्तपणे झिजतं आणि पुन्हा बनतं) सिमेंट रेषा, म्हणजे जुन्या-नव्या हाडांमधल्या सीमारेषा, फुटक्या फरशीचे तुकडे जोडल्यासारख्या वेड्यावाकड्या दिसतात. ते चित्र एकदा पाहिलं की विसरत नाही. ऑस्टिओमलेशियात (खनिज नीट न बसल्याने हाडं मऊ पडण्याच्या आजारात) मात्र काप सोपा व्हावा म्हणून आम्लाने कॅल्शियम काढलं, की खनिज न बसलेला थर ओळखायचा पुरावाच गेला!