पेडल सेटवर आपल्याच माणसाकडून नफा घ्यावा का?

तळेगावकर: पेडलवाले, तुमची कालची जाहिरात वाचून डोकं फिरलं, म्हणून लिहितोय. ‘जर्मनीहून आणलेले अ‍ॅल्युमिनियम पेडल सेट, फोक्सवॅगन पोलो 1.0 टीएसआय मॅन्युअल, 9,000 रुपये, फक्त आपल्या माणसांसाठी.’ आपली माणसं म्हणताय तर हिशोब मांडा. तिकडे पेडलवर बसवायच्या कव्हरांचा हा सेट 55 युरोला, म्हणजे साडेपाच हजाराच्या आसपास. वरचे साडेतीन हजार कसले? ड्यूटी म्हणाल, तर गणपतीत तुम्हीच सांगितलं होतं की मावसभावाने बॅगेतून आणले. बॅगेतल्या मालावर कुरिअरची ड्यूटी लावायची आणि वर मैत्रीचं नाव घ्यायचं, हे मला पटत नाही.

पेडलवाला: बॅगेतून दोन सेट आले, आठ कुरिअरने. सुट्या भागांवर 15 टक्के कस्टम ड्यूटी, त्या ड्यूटीवर 10 टक्के सरचार्ज, आणि सगळ्यावर तेव्हा 28 टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. शंभराचा माल 149 ला पडतो. साडेपाच हजाराचे 8,200 इथेच झाले, कुरिअर वेगळं. माझे पाऊण लाख अडकलेत. त्यात एका सेटमधली फूटरेस्ट डाव्या स्टिअरिंगच्या गाडीची निघाली, आपल्या गाडीत बसेचना. तो तोटा कोणी वाटून घेतला?

घाटवेडा: 22 सप्टेंबर 2025 पासून 28 चे 18 झालेत. आज मागवलं तर शंभराचे 137 पडतात. थांबा की थोडं.

चिपळूणकर: पैशाचं मरू दे. स्क्रूचे आहेत की नुसते क्लिपचे? मी मागे एका दुकानातून क्लिपवाले घेतले होते. जुलैत पोलादपूरहून आंबेनळी घाट चढत होतो, चपला ओल्या. अ‍ॅक्सिलरेटरवरचं कव्हर खाली सरकलं आणि त्याची कड मॅटमध्ये अडकली. पाय उचलला तरी गाडी ओढतच राहिली. क्लच दाबून कशीबशी कडेला घेतली, मागच्या सीटवर दोन्ही मुलं होती. कंपनीचं रबर दिसायला साधं, पण ओल्या तळव्याला धरून ठेवतं.

पेडलवाला: माझे स्क्रूचेच आहेत, वर रबरी पुटकुळ्या आहेत. आणि घाटात हील-टो, म्हणजे एकाच पायाने ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर, जमतं; कंपनीच्या पेडलवर पाय पोचत नाही.

चिपळूणकर: घाटात हील-टो कशाला? दुसऱ्या गिअरमध्ये उतरा की गप.

घाटवेडा: कशाला म्हणजे? ब्रेक दाबलेला असताना गिअर उतरवायचा, तर क्लच सोडताना पुढच्या चाकांना हिसका बसतो. म्हणून चवड्याने ब्रेक आणि त्याच पायाच्या कडेने अ‍ॅक्सिलरेटरला टिचकी. ओल्या वळणावर तो हिसका नको असतो.

एसटीपुत्र: माझे वडील एसटीत चालक होते. जुन्या गिअरबॉक्सला डबल क्लच मारायचे: न्यूट्रल, क्लच सोड, रेस दे, पुन्हा क्लच. कराड-चिपळूण मार्गावर कुंभार्ली घाट, साठ माणसं, पायात साधी चप्पल. त्यांना कधी अ‍ॅल्युमिनियम लागलं नाही.

घाटवेडा: तेव्हाच्या गिअरबॉक्सला सिंक्रो, म्हणजे गिअरचा वेग आपोआप जुळवणारे भाग, नव्हते, दादा. तिथे डबल क्लच नाही मारला तर गिअर पडायचाच नाही. आपण वेगळ्याच गोष्टीवर बोलतोय.

एसटीपुत्र: वेगळ्या नाही! पाय शिकलेला असला की पेडल कुठलंही चालतं. तुम्ही नऊ हजारात पाय विकत घ्यायला निघालात. वडिलांबद्दल बोलताना जरा जपून.

घाटवेडा: त्यांच्याबद्दल वावगं एक अक्षर बोललो नाही. पोलोत ब्रेक वर आणि अ‍ॅक्सिलरेटर खाली. ब्रेक जोरात दाबला तरच दोन्ही एका पातळीवर येतात, हळू दाबताना घोटा वाकवावा लागतो. माझा पाय सहा नंबरचा, मला रुंद पेडलने फरक पडला. तुमच्या वडिलांचा हात, आणि पाय, माझ्याकडे नाही हे कबूल.

तळेगावकर: मूळ मुद्दा राहिला. आठ सेटची ड्यूटी मान्य, मला ती माहीत नव्हती. पण गिअर नॉब विकणं वेगळं आणि ब्रेकवर बसणारी वस्तू विकणं वेगळं. नफा घ्या, पण मग बसवून द्या आणि न बसलं तर परत घ्या. पार्सल हातात देऊन मोकळं व्हायचं असेल, तर एक रुपयाही जास्त घेऊ नका.

पेडलवाला: हे आधीच नीट विचारलं असतंत तर एवढं वाजलं नसतं. रविवारी सकाळी साडेसातला माझ्याकडे गाड्या आणा. मी स्वतः बसवतो, प्रत्येकाने ब्रेक दाबून बघायचा, मॅट लागत असेल तर सेट तिथेच परत, पूर्ण पैसे. बॅगेतून आलेले दोन सेट 7,000 ला. त्यातला एक चिपळूणकरांसाठी बाजूला ठेवलाय.

चिपळूणकर: मला नको. पण रविवारी येतो, स्क्रू मी तपासणार.