कॉलेजच्या नाटकातून खरंच पुढे काम मिळतं का?

सेकंड इयरला आहे, नाट्यमंडळात दोन वर्षं काम करतोय, एकदा छोटा रोल बाकी सगळं बॅकस्टेज. घरचे म्हणतात टाइमपास आहे. कोणाला यातून खरंच काही मिळालंय का?

विंगेतला: मिळतं, पण रोलमुळेच मिळतं असं नाही. मी लाइट्स करायचो, ऑपरेटर आयत्या वेळी आला नाही म्हणून क्यू शीट (कुठला लाइट कधी लावायचा याची यादी) हातात आली आणि तीन प्रयोग मीच चालवले. नंतर आमचाच दिग्दर्शक बाहेर नाटक करायला लागला तेव्हा त्याने पहिला फोन मला केला. ओळखी अशाच होतात, ज्यांच्यासोबत रात्रभर सेट रंगवलाय तेच पुढे काम देतात.

नेपथ्यवाली: +१. केंब्रिजचं फूटलाइट्स बघ, १८८३ पासूनचं विद्यार्थ्यांचं मंडळ. एमा थॉम्पसन, ह्यू लॉरी, स्टीफन फ्राय हे नावाजलेले ब्रिटिश कलाकार तिथलेच, १९८१ मध्ये त्यांच्या शोला एडिनबरा फ्रिंज या महोत्सवात कॉमेडीचं पेरिएर अवॉर्डही मिळालं. अर्थात केंब्रिजचं वजन होतंच मागे, ते विसरू नको.

तिसरी घंटा: तेच तर, नावं चमकणाऱ्यांचीच आठवतात. आमच्या ग्रुपमधले बरेच जण आता नोकरीत आहेत आणि मजेत आहेत. तू फक्त एक कर, प्रत्येक प्रयोगाचे फोटो, रेकॉर्डिंग, क्यू शीट जपून ठेव, मी ठेवलं नाही आणि पहिल्या इंटरव्ह्यूला दाखवायला काहीच नव्हतं.

प्रश्न विचारणारा: अरे बापरे, मी तर मागच्या प्रयोगाची शीट फेकून दिली 😅